येरवड्याचं नंतर बघू, आधी चहाचं बघा

पत्र थोडक्यात, ओळख पटेल असं सगळं गाळून: सातारा जिल्ह्यातल्या एका गावातलं घर. लिहिणारी पुण्यात आयटीत नोकरीला, तिशीतली. धाकटा भाऊ आयटीआय झालेला, काही वर्षांपूर्वी कंपनीतलं काम सोडून घरी आला तो खोलीतच बसला. शेजारी नजर ठेवतात, मोबाइलमधून आपले विचार वाचतात असं म्हणतो, एकटाच बोलतो, रात्रभर जागा. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितलं, गोळ्यांनी काही महिने छान होता, मग त्याने त्या सोडल्या. आता आई गोळी कुटून चहातून देते. चुलते म्हणतात येरवड्याच्या मनोरुग्णालयात टाका पण कोर्टाची ऑर्डर लागेल, वडील म्हणतात तिथं गेलेला परत माणसात येत नाही, शॉक देतात. मावशीचं म्हणणं लग्न लावून द्या. मधे एका हॉस्पिटलच्या ओपीडीत "आमच्या रिसर्चमधे भाग घ्याल का" असं विचारलं तर वडील तिथून उठूनच आले. हिची स्वतःची स्थळं बघणं चालू आहे, भावाचं कळल्यावर दोन ठिकाणांहून नकार आला. ती विचारते, "ताई, ऍडमिट केलं तर मी त्याला टाकून दिल्यासारखं होईल का? नाही केलं तर आईबाबा किती दिवस काढतील? अगंतुगं केलंत तरी चालेल, पण स्पष्ट सांगा."

अगं, स्पष्ट सांगायचं तर चहापासूनच सुरू करते, कारण तू ते एका ओळीत उरकून पुढं गेलीस आणि मला आख्ख्या पत्रात तेच सगळ्यात अर्जंट वाटलं. आई वाटीत चमच्याने गोळी कुटते, चहात ढवळते, कप त्याच्या दाराशी ठेवते. खाली तूच लिहिलंयस की हल्ली तो कपाच्या तळाला राहिलेलं पांढरं बघत बसतो, आईच्या हातचं जेवत नाही, दुकानातून बिस्किटाचा पुडा आणून तेवढाच खातो. आता जरा त्याच्या बाजूने बघ. आजार त्याला सांगतोय की लोक तुझ्याविरुद्ध काहीतरी करतायत, आणि घरात खरोखरच कोणीतरी त्याला न सांगता त्याच्या चहात काहीतरी घालतंय. तेवढ्यापुरता त्याचा संशय खरा आहे की गं.

आईला बोल लावत नाहीये. गोळी सुटल्यावर काय होतं ते तिने रात्री जागून बघितलंय, तिला सुचलं ते तिने केलं आणि असं करणाऱ्या घरांशी मी कायम बोलत असते. पण ह्यात अजून एक घोळ आहे. अर्धा कप चहा टाकून दिला की अर्धी गोळी गेली, काही गोळ्या तर हळूहळू विरघळाव्यात अशा बनवलेल्या असतात, त्या कुटायच्याच नसतात. मग डॉक्टरांना वाटतं एवढा डोस देऊनही फरक का नाही, ते डोस वाढवतात किंवा औषध बदलतात, कारण चहाचं त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. तुम्ही सांगितलंय का? पत्रावरून तरी वाटत नाही.

आता म्हणून उद्यापासून चहातली गोळी एकदम बंद करू नका, ते जास्त धोक्याचं. ह्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा, तो येत नसेल तर तू आणि आई जा, आणि कसं देतोय, किती पोटात जातं, किती वाया जातं ते सगळं सांगा. मग त्याला हे कसं आणि कधी सांगायचं ते डॉक्टरांबरोबर ठरवा, पण सांगायचं नक्की. आणि एक गोष्ट विचारा, महिन्यातून एकदा किंवा दोन-तीन आठवड्यांतून एकदा घ्यायची इंजेक्शनं असतात, डेपो म्हणतात त्याला, ह्या आजारात ती खूप वर्षं वापरात आहेत. सगळ्यांना चालतातच असं नाही, डॉक्टर ठरवतील आणि त्याची तयारी हवी, पण रोजची गोळीवरची मारामारी घरातून गेली की बऱ्याच घरात निम्मी भांडणं जातात हे मी बघितलंय.

त्याने गोळ्या का सोडल्या हे त्याला कोणी विचारलं का? "आजाराची जाणीव नाही" हे कारण असतंच, पण एकमेव नसतं. अंग जखडतं, हात थरथरतात, लाळ गळते, वजन वाढतं, दिवसभर झोप, आणि तरण्या पोरांच्या बाबतीत लैंगिक तक्रारी, ज्या तो आईला काय बहिणीला काय, मेला तरी सांगणार नाही. ह्यातल्या बऱ्याचशा गोष्टींवर उपाय असतो, डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. डॉक्टरांशी त्याला दहा मिनिटं एकट्याला बोलू द्या, तुम्ही सगळे बाहेर थांबा. हे एवढंसं वाटतं पण आपल्याकडे ओपीडीत पेशंट सोडून बाकी सगळे बोलत असतात.

आता तुझा मुख्य प्रश्न. टाकून दिल्यासारखं होईल का? चुलते "टाका" म्हणतात, वडील "गेला की परत येत नाही" म्हणतात, म्हणजे दोघं एकमेकांच्या विरुद्ध बोलतायत असं वाटलं तरी दोघांच्या डोक्यात हॉस्पिटल एकच आहे, जिथं माणूस ठेवून यायचा आणि फाटक बंद. तसं चित्र उगाच तयार झालं नाही, पूर्वी लोक वर्षानुवर्षं आत राहिलेत, काहींच्या घरच्यांनी पत्तासुद्धा खोटा दिलाय. पण आपल्याकडेच वेगळं करून बघणारेही होते. अमृतसरच्या मेंटल हॉस्पिटलमधे 1950 च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून पेशंटबरोबर घरच्यांनाच राहायला बोलावलं, तुम्हीच काळजी घ्या, आम्ही शिकवतो आणि उपचार करतो म्हणून. त्यात लोक लवकर बरे होऊन घरी जायला लागले आणि घरच्यांची भीतीही गेली. पुढं बेंगळुरूच्या निमहान्स ह्या मानसिक आरोग्याच्या संस्थेनेही घरच्यांना बरोबर ठेवून उपचार केले.

आणि आता कायदाच बदललाय. चुलत्यांची कोर्टाची ऑर्डर ही जुन्या, 1987 च्या कायद्यातली. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 2018 पासून लागू आहे, त्यात पहिला मार्ग हाच की माणूस स्वतः सही करून ऍडमिट होतो आणि स्वतःच डिस्चार्ज मागू शकतो. तो तयार नसेल आणि त्याला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असेल, किंवा स्वतःकडे बघण्याच्या पलीकडे गेला असेल, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे त्याच्या वतीने ठरवायला नेमलेल्या माणसाच्या अर्जावर, दोन तज्ज्ञांनी, त्यातला एक सायकियाट्रिस्ट, वेगवेगळं तपासल्यावर भरती करता येतं, तेही जास्तीत जास्त 30 दिवस. पुढं ठेवायचं तर पुन्हा तपासणी आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची मंजुरी. नुसतं घरच्यांना नकोसा झाला म्हणून कोणाला आत ठेवता येत नाही, हेही कायद्यात लिहिलंय. म्हणजे चुलत्यांच्या अर्थाने "टाकायचं" म्हटलं तरी ते कायद्यात बसत नाही.

हा प्रतिनिधी कोण, ते तो बरा असताना स्वतः लिहून देऊ शकतो आणि ते वडीलच असले पाहिजेत असं काही नाही. तो तुझं नाव देईल का? विचारून तर बघ. तसंच मला पुढं त्रास झाला तर कुठले उपचार हवेत कुठले नकोत, हेही त्याला आधी लिहून ठेवता येतं. ज्या पोराला वाटतं सगळं आपल्या पाठीमागं ठरतं त्याच्यासाठी ही कागदावरची सही किती मोठी आहे बघ.

वडिलांच्या शॉकचं म्हणशील तर भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी, म्हणजे तोच विजेचा शॉक, देणं आता बेकायदेशीर आहे, साखळीने बांधणंही. ईसीटी हा काही आजारांत, काही वेळा जीव वाचवणारा उपचार आहे आणि तो देण्याआधी विचारतात. तुझ्या भावाला तो लागेलच असं कोणीही म्हटलेलं नाही, मग वडील आत्तापासून त्याच्यावर का भांडतायत? माझा अंदाज, भीतीला काहीतरी नाव लागतं म्हणून.

ऍडमिट करायचंच झालं तर येरवडाच का, हे पण विचार. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच, येरवडा, ठाणं, नागपूर आणि रत्नागिरी, आणि येरवड्याच्या मंजूर खाटा 2540 म्हणजे ते अवाढव्य प्रकरण आहे. तिथं काम करणारी चांगली माणसं आहेत, फुकट उपचार आहेत, पण गर्दीही आहे. सिव्हिल हॉस्पिटलमधे, मेडिकल कॉलेजमधे मानसोपचार वॉर्ड असतात, तिथं थोड्या दिवसांसाठी भरती होते, घरचं माणूस बहुतेक वेळा जवळ राहू शकतं आणि गावात "सिव्हिलला होता" एवढंच होतं. आपलं गाव, मला माहितेय, त्याने फरक पडतो.

पण खरं सांगू का, भरती करायची की नाही ह्यावर घरात एवढी भांडणं होतात आणि घरी आल्यावर काय, ह्यावर कोणी बोलतच नाही. पायाचं प्लास्टर निघालं की चालायचं परत शिकावं लागतं ना, तसं आहे. वॉर्डात तीन-चार आठवड्यांत कानात येणारे आवाज कमी होतात, झोप लागते, आणि मग त्याच खोलीत, त्याच घरात माणूस परत येतो, गोळी संपते, तालुक्याला औषध मिळत नाही, पुण्याला जायला गाडीभाडं नाही, की चार-सहा महिन्यांत परत तेच. म्हणून हॉस्पिटल कुठलंही असो, ऍडमिट करतानाच विचारायचं की घरी सोडल्यावर औषध आमच्या जवळ कुठं मिळणार, चिठ्ठी कोणाच्या नावाने देणार, सोशल वर्कर कोण आणि त्यांचा फोन लागतो का. डिस्चार्जचं प्लॅनिंग पेशंट आणि घरच्यांशी बोलून करायचं असतं, तेही ह्याच कायद्यात आहे. लाजू नका, विचारा.

जवळचं म्हणजे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम. 1980 च्या दशकात निमहान्सच्या लोकांनी कर्नाटकातल्या बेल्लारीत करून दाखवलं की जिल्ह्यातले साधे डॉक्टर आणि आरोग्य कर्मचारी शिकवले तर हे आजार तिथंच सांभाळता येतात, त्याच्यावरून 1996 मधे केंद्राने हा कार्यक्रम सुरू केला. सिव्हिलमधे ह्याची टीम असते, सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, नर्स, आणि ठरलेल्या वारी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात येतात. औषधं फुकट. कधी पदं रिकामी असतात, कधी औषध संपलेलं असतं, तेव्हा आधी फोन करून जा. आशाताईला विचार, तिला वार माहीत असतात. निमहान्सने 2015-16 मधे 12 राज्यांत सर्वेक्षण केलं तेव्हा गंभीर मानसिक आजार असलेल्या चारातल्या साधारण तिघांपर्यंत उपचार पोचतच नव्हते असं दिसलं. तुमच्या घरी निदान झालंय, एकदा औषधाने गुण आलाय, म्हणजे तुम्ही बरंच पुढं आहात.

रिसर्चवरून वडील उठून आले ते मला समजतं, "माझ्या पोरावर प्रयोग?" पण गंमत बघ, ह्या आजारात घरी जाऊन मदत केली तर काय होतं ह्याचा भारतातला एक महत्त्वाचा अभ्यास झाला तो तमिळनाडू, गोवा आणि तुमच्याच साताऱ्यात! स्किझोफ्रेनिया असलेले 282 जण होते, काहींना नेहमीसारखे दवाखान्यातले उपचार आणि काहींना तेच उपचार अधिक घरी येणारा कार्यकर्ता. हा कार्यकर्ता डॉक्टर नाही, तिथल्याच भागातला शिकवलेला माणूस, तो औषधाची आठवण करायचा, घरच्यांना समजवायचा, पेशंटला बाहेर काढायचा, कामाला लावायला बघायचा. वर्षभराने घरी भेटी झालेल्यांची लक्षणं आणि अडचणी थोड्या जास्त कमी झाल्या. फरक फार मोठा नव्हता, तमिळनाडूच्या ग्रामीण भागात तो जास्त ठळक होता, आणि लोकांच्या वागण्याचा जो त्रास होतो त्यात विशेष बदल झाला नाही. 2014 मधे लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आलं हे. मला तरी असा थोडका फरक प्रामाणिकपणे सांगणारा रिसर्च "शंभर टक्के बरा करतो" अशा पाटीपेक्षा कधीही विश्वासाचा वाटतो.

म्हणजे कोणी विचारलं की हो म्हणायचं असं नाही. आधी विचारायचं, नवीन औषध देणार आहात का नुसती माहिती आणि रक्त घेणार, एथिक्स कमिटीची परवानगी आहे का, मराठीत लिहिलेला फॉर्म घरी न्यायला मिळेल का, मधेच सोडलं तर नेहमीचे उपचार चालूच राहतील ना (राहिलेच पाहिजेत), काही अपाय झाला तर जबाबदारी कोणाची. आणि सही भावाची, तुमची नाही, तो विचार करण्याच्या स्थितीत असेल तर. नाही म्हटलं म्हणून कोणी उपचार नाकारत असेल तर तिथून खरंच उठून यायचं. सगळं नीट असेल तर एक फायदाही असतो, ट्रायलमधल्या पेशंटला वेळ जास्त मिळतो, तपासण्या नियमित होतात.

अजून एका रिसर्चबद्दल सांगते कारण तो थेट तुमच्या घरातला आहे. ज्या घरात पेशंटला सतत टोमणे, राग, "आयतं खातोस" वगैरे असतं तिथं आजार उलटायचं प्रमाण जास्त, हे आधी लंडनमधे दिसलं, मग 1980 च्या दशकात चंदीगडला. चंदीगडला तशी घरं लंडनपेक्षा कमी निघाली, पण जिथं घरात उघड शत्रुत्व होतं तिथं आजार उलटायचं प्रमाण जास्तच होतं. तुझे वडील जेवताना रोज "तुझ्या बरोबरीची पोरं बघ" म्हणतात असं लिहिलंयस. ते वाक्य बंद करणं हा सुद्धा उपचार आहे, आणि बिनपैशाचा. वडिलांना हे तू सांगून पटणार नाही, डॉक्टरांच्या तोंडून वदवून घे. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, कॅनडात स्टॅटिस्टिक्स शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणींनी घरातच हा आजार बघितला आणि मग ही संस्था उभी केली. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था आहे. तिथं घरच्यांचे गट असतात, शुभंकर म्हणतात त्यांना. वडिलांना एकदा तिथं घेऊन जा, काही बोलू नकोस, नुसतं बसव. दुसऱ्या एखाद्या बापाचं ऐकतील ते.

मावशीला सांग, लग्न हे औषध नाही, आणि दुसऱ्याच्या पोरीला न सांगता द्यायचा डोस तर अजिबात नाही. आई अमावास्येला देवाला नेते म्हणालीस तर नेऊ दे, त्याला जायचं असेल आणि औषध चालू असेल तर माझी काही हरकत नाही, आईला पण कुठंतरी हात जोडायचे असतात. पण मारणं, उपाशी ठेवणं, धूर देणं, बांधणं सुरू झालं की तिथून त्याला घेऊन निघायचं. भूत उतरवायच्या नावाने मारहाण हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळ मनोरुग्ण ठेवायच्या जागेला 2001 मधे आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेली माणसं पळू शकली नाहीत, 28 जण गेले.

आता तुझं. तू हळूच शेवटी विचारलंस, "मला पण होईल का?" एरवी शंभरात साधारण एकाला हा आजार होतो, सख्ख्या भावाबहिणीला असेल तर धोका वाढून नऊ-दहाच्या आसपास जातो. म्हणजे शंभरातले नव्वद तरी सुटतात, आणि हा आजार बहुतेक वेळा विशीच्या आगेमागे सुरू होतो, ते वय तुझं बरंचसं मागं पडलंय. स्थळांना लपवू नकोस, आणि पहिल्याच फोनवर फाइल उघडूनही बसू नकोस, दोन भेटी झाल्यावर सरळ सांग. जे नाही म्हणाले ते घर पुढं भावाच्या आजारपणात तुला सुट्टी घेऊ देणार होतं का, हा पण विचार कर. आणि दर शनिवारी गावाला जाणं, सगळे पैसे तूच भरणं, रात्री आईचे फोन, हे असं किती वर्षं चालेल असं तू आईबाबांबद्दल विचारलंस, मी तुझ्याबद्दल विचारते. भावाचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढता येतं का बघ, 2016 च्या कायद्यात मानसिक आजार आहे आणि 40 टक्क्यांपासून पुढं बऱ्याच सवलती सुरू होतात. आरोग्य विम्यातही मानसिक आजाराला इतर आजारांसारखंच धरायचं असा नियम आहे, तुझ्या कंपनीच्या पॉलिसीत भावाला घेता येतं का तेही एकदा एचआरला विचार.

एक राहिलं. घरात फवारणीचं औषध, तणनाशक, कोयता, विळा जे काही असेल ते आजच्या आज कुलपात, किल्ली वडिलांकडे, गोळ्यांचा साठा पण एका वेळी आठवड्याचाच बाहेर. तो मरायच्या गोष्टी बोलायला लागला, आवाज त्याला कोणाला मार म्हणून सांगायला लागले, खाणंपिणं पूर्ण सोडलं, तर सल्ल्याची वाट बघायची नाही, 108 ला फोन करून जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. इमर्जन्सीत कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर 72 तासांपर्यंत उपचार देऊ शकतो, तेवढ्या वेळात पुढची सोय होते. हे आईबाबांना तोंडी सांगू नकोस, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लाव. टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 पण त्यावर लिही, तो रात्री पण लागतो, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत, आणि भाऊ नाही म्हणाला तरी तू स्वतःसाठी पण तो लावू शकतेस.

डॉक्टरांकडे जाऊन आलीस की लिही. इंजेक्शनबद्दल तो स्वतः काय म्हणाला ते मला खास करून कळव.